वाचवलेला हौद

१२ मार्च रोजी अर्थसमितीने चार कोटी अठरा लाख साठ हजार रुपये वाचवले. इतिवृत्तात तोच शब्द आहे, 'वाचवले'. नगरपालिकेच्या लेखा विभागात माझा जन्म गेला, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. पण एखाद्या शब्दाचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

वाचवलेली वस्तू म्हणजे माझ्या साडूने आखलेला चौथा गाळण हौद. साडू मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात अभियंता. चहात सायीचा कण दिसला तरी कप परत पाठवणारा माणूस, म्हणून ऑफिसात सगळे त्याला 'गाळणी' म्हणत.

केंद्रातून नाल्यात सुटणाऱ्या पाण्यात शेवटीही बारीक गाळ उरतो. तो वाळूच्या हौदांतून गाळायचा, अशी त्याची योजना. नाला आमच्या सासूबाईंच्या खिडकीखालून जातो. "दोन-दोन जावई नगरपालिकेत," त्या जेवताना ऐकवायच्या, "आणि माझी खिडकी बारा महिने बंद." मी हसून वेळ मारून न्यायचो. साडूचा घास मात्र हातातच राहायचा.

वाळू तुंबली की तो हौद बंद करून खालून उलटे पाणी सोडतात आणि वाळू धुऊन काढतात. तोवर सगळा भार बाकीच्या हौदांवर. म्हणून त्याने अहवालात लिहिले होते : सकाळच्या लोंढ्याला तीन हौद पुरतात, एक धुण्यात असणार, म्हणून चार बांधावेत.

सभापतींनी पहिल्या अर्ध्या वाक्यावर बोट ठेवले.

"तीन पुरतात, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"चालू असलेले तीन, साहेब."

"मग चौथा काय बसून पगार खाणार?"

सभागृह खदखदून हसले. साडू थांबला नाही. "आळीपाळीनं एकेक धुवावा लागतो."

"रात्री धुवा की. गाव झोपलेलं असतं."

"वाळू आपली वेळ बघून तुंबत नाही. शिवाय धुण्याचं घाण पाणी परत सुरुवातीलाच येतं. तेही गाळायचं असतं."

"गाळणी, आता पुरे करा," मागून कोणीतरी म्हणाले.

मी वाणिज्य शाखेचा. पडून राहिलेली मालमत्ता कशाला म्हणतात ते मला कळते. धुण्यात गुंतलेला हौद पडून नसतो, एवढे मी उभा राहून सांगितले. साडूची तळी उचलणे लेखा विभागाला शोभत नाही, असे उत्तर मिळाले.

तीन हौदांच्या सुधारित आराखड्यावर त्याने सही केली नाही. आठवड्यात त्याची बदली बाजार परवाना खात्यात झाली.

"एक सही केली असतीत तर काय आभाळ कोसळलं असतं?" मेहुणी माझ्यादेखत त्याला म्हणाली.

"आभाळ नाही. पण आईंच्या घरी कुठल्या तोंडानं जेवायला बसू?"

दुसऱ्याच अभियंत्याने सही केली. हौद झाले, फीत कापली, फोटो निघाले. मग एका सकाळी ऐन लोंढ्यात पहिला हौद तुंबला. तो धुवायला घेताच उरलेले दोन काठोकाठ भरले. नव्या अभियंत्याने घाबरून बाजूचे फाटक उघडले आणि सगळे पाणी न गाळताच नाल्यात गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा त्याने साडूला फोन केला.

मी असतो तर सभापतींचा नंबर देऊन फोन ठेवला असता. साडू अर्धी रजा टाकून रिक्षाने केंद्रावर गेला. दुपारी पाणी कमी असते, तेव्हा तुंबायची वाट न बघता एकेक हौद धुवायचा, अशी पाळी त्याने लावून दिली.

"आता फाटक उघडावं लागणार नाही ना?" नव्या अभियंत्याने विचारले.

"लागेल. रोज लागायचं, ते आता आठवड्यातून दोनदा लागेल. चौथा बांधा."

चौथ्याचा प्रस्ताव कोणीही मांडलेला नाही. पुढच्या सभेत सभापतींनी धुण्याच्या नव्या पाळीबद्दल नव्या अभियंत्याचे अभिनंदन केले. साडूचे रिक्षाभाड्याचे बिल, तो केंद्राच्या आस्थापनेवर नाही या कारणाने, वरून नामंजूर झाले. नगरपालिका त्याचे एकशे ऐंशी रुपये देणे लागते.