गाणं माहेरी कधी येणार?

आमच्या तळघरात पोरं गाणी करतात आणि वर स्वयंपाकघरात त्यांचे किस्से साठतात. डबे निदान घासून पालथे घालता येतात, किस्स्यांचं काय करायचं? कोणी चहाला आलं की एखादा निघतोच. आज ओळीने सगळेच सांगून टाकते.

तर व्हर्जिनियात अ‍ॅशबर्न नावाचं गाव आहे. तिथे माझा मुलगा महेश राहतो, आणि त्याच्याकडे मी. त्याची मुलगी सई, ती गाते. सईच्या वर्गातला निखिल, तो ड्रम वाजवतो. आणि चार घरं सोडून शुभांगी राहते, मूळची नागपूरची. ती वकील आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कागद बघणं हेच तिचं काम. सून हॉस्पिटलात नर्स आहे, ती या भानगडीत पडत नाही.

सईचं कॉलेज संपलं तेव्हा महेश तिला म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत तुझं गाण्याचं काय ते बघ. नाही जमलं तर माझ्या ऑफिसात जागा आहे, मी बोलून ठेवलंय."

"फाइन, बाबा," सई म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

*

सई आणि निखिलने बँड काढला, तेव्हा शुभांगीने पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवलं. "बँड म्हणजे दुकान आहे, समजलं? शब्द कोणाचे, चाल कोणाची, उद्या एकजण सोडून गेला तर नाव कोणाकडे राहणार, सगळं लिहून काढा. आत्ताच, दोस्ती आहे तोवर!"

निखिल लगेच सही करायला तयार. पण त्याची आई वैशाली तणतणत आली. "मावशी, पोरं एका ताटात जेवलीत. आता कागद करायचा? आमच्यावर विश्वास नाही का?"

मी काही बोलायच्या आत शुभांगीच म्हणाली, "काहून गं, घर घेतलं तेव्हा कागदावर नवऱ्यासोबत तुझंही नाव घातलंस ना? मग त्याच्यावर विश्वास नव्हता?"

"त्याच्यावर नव्हताच!"

झालं. कागद झाला, सह्या झाल्या. पुढचे पंधरा दिवस मात्र वैशालीकडून आमचा डबा रिकामा परत यायचा.

*

मग इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम आला, संक्रांतीचा. अध्यक्षांनी महेशला विचारलं, "मुलांना मानधन काय द्यायचं?"

महेश म्हणाला, "छे छे, घरचंच कार्य आहे!"

आता आपल्यात कसं असतं, एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा समोरच्याने हातात कोंबायचं. पण अध्यक्ष वीस वर्षं अमेरिकेत! त्यांना एकदाच विचारायची सवय लागलेली. "वा, थँक यू," म्हणून ते गेले.

पोरांनी दोन तास गायलं-वाजवलं आणि शाल-नारळ घेऊन घरी आली. निखिल जन्माने इथला. त्याने नारळ हातात धरून मला विचारलं, "आजी, व्हॉट डू आय डू विथ धिस?"

दुसऱ्या वेळी शुभांगीने मंडळाला आधीच एक पान पाठवलं. किती वेळ गाणार, माइक कोण देणार, व्हिडिओ कोणी टाकायचा, मानधन किती. अध्यक्षांचा फोन आला, "अहो वकीलबाई, एवढ्या अटी माझ्या लग्नात नव्हत्या!"

"म्हणूनच तुमची अजून भांडणं चाललीत," शुभांगी म्हणाली.

*

बँडचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'लाल माती'. मला आवडलं होतं. शंभर टी-शर्ट छापले, त्यावर लाल अक्षरं. आठवड्याभरात टेक्सासहून कुण्या वकिलाचं पत्र आलं. तिथे त्याच नावाचा बँड आहे, त्यांनी नाव रीतसर नोंदवलंय, तुम्ही वापरणं बंद करा.

शुभांगी सईवर चिडली. "मला विचारायचं होतंस! नाव आधी शोधायचं असतं, मग बारसं. तुम्ही पाळणा हलवून मोकळे!"

नवं नाव शोधून, नोंदवून झालं. टी-शर्ट उरले. आमच्याकडे कोणीही आलं की जाताना एक मिळतो. आमचा प्लंबर जोसे तोच घालून फिरतो. मंडळात परवा कोणीतरी त्याला विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"पाइप्स," जोसे म्हणाला. त्याला सनईच्या कार्यक्रमाचं बोलावणं येता येता राहिलं!

*

एका दुपारी मी मेथी निवडत होते. मेथी निवडताना मी गुणगुणते, शब्द नसतात. सईने ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्याच्यापुढे तिचं गाणं जोडलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ते इंटरनेटवर टाकलं, आणि लॉस एंजेलिसच्या एका कंपनीचा मेल आला. त्यांना ते एका सिरियलसाठी हवं होतं.

घरात नुसती धांदल! सई तर पेन शोधायला लागली. शुभांगीने कागद तिच्या हातातून काढून घेतले आणि मला मराठीत वाचून दाखवले. माझा आवाज होता ना गाण्यात, माझीही सही लागणार होती. सही मला येते, सईच्या लहानपणीच्या, रविवारच्या मराठी शाळेच्या पुस्तकावरूनच मी अक्षरं गिरवली.

शुभांगी वाचत होती, "हे गाणं कंपनीच्या मालकीचं होईल, कायमचं, संपूर्ण विश्वात."

मी म्हटलं, "विश्वात म्हणजे?"

"म्हणजे मंगळावर वाजवलं तरी त्यांचंच, जी."

"आजी, इट्स स्टँडर्ड," निखिल म्हणाला.

शुभांगीने चष्मा काढला. "स्टँडर्ड म्हणजे काय रे? सगळेच फसतात तेव्हा त्याला स्टँडर्ड म्हणतात!"

मी सईला विचारलं, "अगं, मुलगी दिली तरी ती दिवाळीला माहेरी येते. हे गाणं कधी येणार?"

सईचं ते पहिलं गाणं, स्वतःचं. ते देऊन टाकलं तर पुढे स्टेजवर गायलाही तिला त्यांना विचारावं लागणार होतं. आणि नाही दिलं तर ऑफिस.

शुभांगीने मात्र पेन उघडून समासात काहीतरी लिहिलं. "सात वर्षांनी गाणं परत," ती म्हणाली. त्या कलमाला ती अजून 'दिवाळीची अट' म्हणते.

*

गणपतीला आठ दिवस राहिले होते. कंपनीच्या माणसाबरोबर व्हिडिओवर बोलणं ठरलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर मी, एका बाजूला सई, दुसऱ्या बाजूला शुभांगी. महेश मागे उभा. माणूस हसतमुख. त्याने मला नमस्तेसुद्धा केलं.

शुभांगी म्हणाली, सात वर्षं. तो म्हणाला, आम्ही गाणं परत देतच नाही. मग म्हणाला, फार तर पंधरा. शुभांगी म्हणाली, सात. तो म्हणाला, बारा, आणि हे शेवटचं. आज सही झाली नाही तर आमच्याकडे दुसरं गाणं तयार आहे.

सईने टेबलाखाली माझा हात धरला.

महेश माझ्या कानाशी वाकला. "आई, करून टाक ना सही. बारा तर बारा."

मी सईचा हात सोडवला, पदर सारखा केला, उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

पुढचं मला सईने सांगितलं. त्या माणसाला समोर मधोमध रिकामी खुर्ची दिसायला लागली. त्याने विचारलं, "इज शी लीव्हिंग?" सई काही बोलणार, तोच शुभांगीने तिच्या पायावर पाय दिला. कोणीच उत्तर देईना. माणूस खुर्चीकडे बघतोय, खुर्ची त्याच्याकडे.

शेवटी तोच म्हणाला, "ओके, ओके. सेव्हन. प्लीज, आस्क ग्रँडमा टू कम बॅक."

मी परत आले तेव्हा सई रडत होती आणि हसत होती. दुरुस्त केलेला कागद त्याने तिथल्या तिथे पाठवला, शुभांगीने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तेव्हा कुठे मी सही केली. मराठीत, मोठ्या अक्षरात.

लॅपटॉप मिटल्यावर महेश म्हणाला, "आई, खरं सांग, तू मुद्दाम उठलीस?"

"कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या होत्या. वरण लागलं असतं."

शुभांगी कागद गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तर एकही ऐकू आली नाही, जी."

महेशने माझ्याकडे बघितलं, मग सईकडे बघितलं. मग फोन उचलून त्याने ऑफिसात सांगितलं, "ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. पोरगी येणार नाही, तिचं स्वतःचं दुकान आहे."