नालेची वाट

युनूसला साधं काही विचारलं तरी तो उलट चार प्रश्न विचारायचा. लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्याचं सायकलचं दुकान आणि माझं चिक्कीचं, मधे एक पातळ भिंत. त्यामुळे त्याचे प्रश्न मलाही ऐकावे लागत. मुंबईचं एखादं जोडपं हौसेनं भाड्याची सायकल घ्यायला यायचं, तर हा त्यांना विचारणार, खाऱ्या हवेनं चाकाच्या तारा किती दिवसांत गंजतात हो तुमच्याकडे? जोडपं कंटाळून माझ्याकडे चिक्की घ्यायला यायचं, म्हणून मी त्याला कधी अडवलं नाही.

त्याचे वडील अल्लाउद्दीनचाचा नालबंद. स्टेशनवरच्या टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता गुडघे गेले होते आणि ते दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून असत. दोघंही बोलत मराठीच, पण त्यांच्या घरात ‘ळ’ कुणाच्या जिभेवर चढला नव्हता. माझ्या चिक्कीतला गूळ त्यांच्याकडे गूल व्हायचा. मी चिडवायचो, ते हसायचे. त्यांचं बोलणं इथं मी माझ्या ‘ळ’नंच सांगतोय.

चाचांची मुलगी जाहिदा उंबरखळला दिलेली. गाव लोणावळ्याच्या उत्तरेला, पठार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात. तिच्या नवऱ्याचं तिथं किराणामालाचं दुकान होतं आणि सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लग्नानंतर दोन वर्षांत ती एकदाच माहेरी येऊ शकली होती. जायचं तर आगगाडीनं कामशेत, तिथून मिळाली तर बैलगाडी, मग घाट. जायला दिवस आणि यायला दिवस. युनूसचं दुकान बंद शुक्रवारी, आणि शनिवार-रविवारी तर सायकली पुरत नसत. हे गणित काही जमत नव्हतं.

जाहिदाची खबर आणायचा तो बहिरू. पठाराच्या पार पलीकडच्या कडेला त्याची ठाकरवाडी. बाजाराच्या दिवशी तो मोळी विकायला यायचा. चाचा त्याला विचारायचे, पोरगी कशी आहे? बहिरू म्हणायचा, “बरी हाय.” हसते का? “बरी हाय.” जेवते का नीट? “बरी हाय की, चाचा.” चाचा युनूसकडे वळून म्हणायचे, “मला हे ‘बरी हाय’ नको. तू एकदा डोळ्यांनी बघून ये.”

यातून युनूसच्या डोक्यात सायकल शिरली. पठारावरून सरळ गेलं तर? सकाळी निघून संध्याकाळी परत, शुक्रवारच्या शुक्रवारी! पण सायकलनं ते पठार कुणी ओलांडलं नव्हतं. युनूसला नेमकं हेच आवडलं असावं.

मग सुरू झाली चौकशी. मोळीवाले, दूधवाले, मध विकणारे, जो पठारावरून येईल त्याला चहा आणि प्रश्न. कातळ किती, माती किती? ओढ्याला पाणी कधीपर्यंत? गवत गुडघ्याला लागतं की कमरेला? मिळालेलं सगळं तो रात्री दुकान बंद करायला लावायच्या सुट्या फळ्यांवर आतल्या बाजूनं खडूनं काढायचा, एकेका फळीवर एकेक टप्पा. चाचांनी एकदा फळ्या लावताना क्रम चुकवला, तर दुसऱ्या दिवशी ओढा डोंगराच्या माथ्यावर आणि उंबरखळ थेट आमच्या स्टेशनाशेजारी! युनूस अर्धा दिवस डोकं धरून बसला होता. मला मात्र तो नकाशा भारी आवडला.

शेवटची फळी बरेच दिवस कोरी होती. पठार संपल्यावर खाली गावात उतरायचं कसं? ते बहिरूनं सांगितलं.

“नाळ हाय ना. नाळंनं उतरलं की खाली उंबरखळ.”

“रोजची वाट आहे?”

“चालती हाय की. बाया रोज गवताला वर येत्यात.”

“सायकल जाईल?”

बहिरूनं चाक दाबून पाहिलं, सायकल जरा उचलून पाहिली. “जाईल. आमी म्हशीचं रेडकू नेलंय तितनं.”

पायरीवरून चाचा एकदम बोलले, “नालेची वाट म्हणजे घोड्याची वाट. नाल ठोकलेला घोडा धोंड्यांत घालत नाही कुणी. जिथं तो जातो तिथं सायकल डोळे मिटून जाईल.” आयुष्यभर घोड्यांचे पाय मांडीवर घेतलेला माणूस बोलला म्हटल्यावर शंका कसली? युनूसनं शेवटच्या फळीवर भली मोठी नाल काढली. मीही मान डोलावली.

उतारावर ब्रेकचे रबर टिकतात का ते पाहायला त्यानं मला मागच्या कॅरिअरवर बसवून खंडाळ्याच्या उतारावरून सायकल सोडली. “दत्तोबा, तुमच्याएवढं वजन दुसरीकडे कुठं मिळायचं?” रबर टिकले. माझा जीव टिकला ही अल्लाउद्दीनचाचांच्या दुव्याची कृपा. त्यानंतर मलाच राहवेना. एवढं ऐकल्यावर घरी बसून चिक्की कापणं माझ्यानं होणार नव्हतं, म्हणून मीही एक सायकल घेतली.

पानशेत फुटलं त्या सालची दिवाळी उलटली होती. ओढे आटले होते, गवत पिवळं पडलं होतं. युनूसनं दोन्ही सायकलींचे मडगार्ड काढले, म्हणजे गवत अडकायला नको. पंप, पंक्चरचं सामान, दोरी, जाहिदासाठी शेंगदाण्याची चिक्की. शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. चढणीला सायकलींनी आमच्यावरच स्वारी केली म्हणा ना, पण वर पोचलो आणि काय सांगू! सपाट काळा कातळ, मधे गवताचे पट्टे आणि त्यातून गुरांच्या खुरांनी मऊ केलेली वाट. सायकली पळायला लागल्या. युनूस ओरडून विचारत होता, “हा कसला पक्षी? कातळाला ही भोकं कशानं पडली?” मला एकाचंही उत्तर येत नव्हतं आणि मी फार खूश होतो.

सूर्य डोक्यावर यायच्या आत पठाराची कड आली. ठाकरवाडीपाशी बहिरू आमची वाट पाहत उभा होता. तो आम्हाला कडेशी घेऊन गेला. खाली उंबरखळची कौलं उन्हात दिसत होती. आणि आमच्या पायाशी, दोन कड्यांच्या मधे, डोंगराला उभी चीर पडावी तशी घळ. हंड्याएवढे, घराएवढे धोंडे एकमेकांवर कोसळलेले, थेट खालपर्यंत.

“नाल कुठं आहे?” युनूसनं विचारलं.

“हीच की नाळ.”

“घोडे इथून जातात?”

“घोडं?” बहिरू चक्रावला. “घोडं कशाला जाईल हितनं?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कड्यातल्या असल्या घळीला डोंगरातली माणसं नाळ म्हणतात. बहिरू नाळ म्हणाला होता आणि बापलेकांनी नाल ऐकली होती. आणि मी, रोज त्यांच्या गुलावरून हसणारा, मीही तेच ऐकलं होतं!

“अरे, पण तू रेडकू नेलंस म्हणालास!” मी बहिरूवर खेकसलो.

“खांद्याव नेलं. तुमी कुटं इचारलं कसं नेलं?”

युनूस हसला नाही. तो कडेवर उकिडवा बसून खालच्या कौलांकडे बघत होता. इतकं विचारलं आणि एक अक्षर नीट ऐकलं नाही. मला त्याची फार कीव आली.

तेवढ्यात नाळेतून बायका वर आल्या, गवत कापायला, कमरेला विळे खोचून. त्यातली एक थबकली. “भाई?”

जाहिदा! लोणावळ्यात जवळच्या वळवण धरणापर्यंत चालायचं म्हटलं तरी कुरकुरणारी ही पोर त्या धोंड्यांतून चढून आली होती. वाळली होती, रापली होती. तिनं भावाकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी रडली, मग हसली. युनूसनं तिला सगळं सांगितलं. फळ्या, खडू, ब्रेक, नाल. सांगता सांगता त्याला पुन्हा उत्साह आला. ती शेवटपर्यंत ऐकून घेत राहिली.

“मी रोज इथं येते, भाई,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. बहिरूदादा इथून चालत तुमच्या बाजाराला येतो आणि दिवेलागणीच्या आत घरी असतो. त्याला तू एवढं सगळं विचारलंस. एक दिवस त्याच्याबरोबर चालत का नाही आलास?”

 

युनूसनं सायकल गवतात आडवी केली. तिचा विळा घेतला, गवत कापलं, भारा बांधला आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो नाळेत उतरायला लागला. जाहिदा पुढं होऊन त्याला कुठल्या धोंड्यावर पाय ठेवायचा ते दाखवत होती.

“अरे, आणि सायकलचं काय?” मी वरून ओरडलो.

“बहिरूला बरोबर घ्या आणि नेऊन टाका,” तो खालून म्हणाला. “अब्बांना सांगा, तिला डोळ्यांनी बघितलं. उद्या दुकान बंद राहील.”