पाटीभर सात्या

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडात कपाशीला सोन्याचा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. जिथं तिथं कपाशी पेरलेली, त्यामुळे ज्वारी मिळेनाशी झाली होती. अमरावतीत एका कापूसव्यापाऱ्याच्या कोठीत मी स्वयंपाकाला होतो. मला हाताखाली घेणारे उस्ताद बाळापूरचे, वयस्कर आणि तापट.

पावसाळ्यात वारुळांभोवती पांढरी अळंबी उगवते, तिला आम्ही सात्या म्हणतो. जवळच्या खेड्यातली एक बाई त्या आणायची. पळसाची पानं अंथरलेली पाटी ती डोक्यावरून उतरवायची तीसुद्धा श्वास रोखून. उस्ताद मला बजावायचे, "वरून दाबू नोको, देठाले धर. आन पानी लावू नोको, तवा तापल्याबिगर." सुपात कोरडं फडकं पसरून आम्ही एकेक सात्या सुटी मांडायचो. एकीवर दुसरी पडली की दोन्ही काळ्या पडतात.

त्या दिवशी अकोल्याहून मोठे पाहुणे यायचे होते. बाईनं मूठभर सात्या बाजूला काढल्या. "माया पोरीसाठी राहू द्या. घरात दाना नाई."

कोठीचा कारभारी तिथंच उभा होता. म्हणाला, "सगळ्या ठेव."

"मूठभरानं काय होते, साहेब?" उस्ताद म्हणाले.

"पाहुणे जास्त आहेत."

बाईनं त्या परत सुपात ठेवल्या आणि रिकामी पाटी काखेत मारून निघून गेली.

पाहुण्यांची दमणी, बैलांची हलकी गाडी, वाटेतच काळ्या चिखलात रुतली. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. "उद्यापर्यंत ठेवा," कारभाऱ्यानं फर्मावलं. उस्तादांनी सुपं वाऱ्याच्या जागी हलवली, फडकी बदलली. सकाळी पाहतो तर सात्यांना चिकटा सुटलेला, वास मारत होता. त्या आम्ही घोड्यांच्या तबेल्यामागं खड्ड्यात पुरल्या. दुपारी पाहुणे आले, मटण जेवले. सात्यांची कोणी आठवणही काढली नाही.

चार-पाच दिवसांनी त्या बाईची नणंद आली. दारातच बसली.

"वयनी गेली," ती म्हणाली. "त्या दिवशी रिकाम्या हातानं आली. घराकडं येता येता बांधावर अळंबीच्या छत्र्या दिसल्या, त्या शिजवल्या. तिले का जहरी वळखता येत नव्हत्या? पन भूक होती. पोरीले थोड्या देल्ल्या, बाकीच्या सोता खाल्ल्या."

उस्ताद तसेच उठले. त्यांनी कोठारातली ज्वारी पोत्यात भरली, कारभारी ओरडत राहिला, आणि आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. नवरा उंबऱ्यात बसला होता. पोर आत वाकळेवर पडलेली, डोळे पिवळे, पण जिवंत.

पोत्याकडं पाहून तो म्हणाला, "आता आनली काहून?"

उस्ताद त्याच्यासमोर भुईवर बसले. मग पोरीसाठी पेज करायला स्वतःच चूल पेटवली.

पोर वाचली, आत्यानं तिला मोर्शीकडं नेलं. उस्तादांना कोठीतून काढलं, ते बाळापूरला गेले. नवरा पुढं शेत सोडून कोठीतच कापसाच्या गाठी बांधायला लागला. फाटकात भेटला की मान खाली घालायचा. मीही मान खाली घालून आत जायचो.