बोअरच्या पाण्याचा चहा

आमच्या बिंडारी गावात मोटारी दुरुस्त करणारे पुष्कळ होऊन गेले, पण डार्सी क्विगलीसारखा बोलघेवडा दुसरा झाला नाही. हातात पाना आला की त्याचं तोंड आपोआप सुरू व्हायचं. एकदा गोष्टीच्या भरात त्याने एकाचं चाक दुसऱ्याच्याच गाडीला बसवलं, आणि दोघेही ते तसंच वापरत राहिले. असो.

त्याचं नाव झालं ते ऑइल कूलरमुळे. इंजिनाचं तापलेलं तेल ज्या पातळ पत्र्यांच्या खोक्यातून फिरून निवतं, तो कूलर काही गाड्यांना पुढे खाली, बंपरच्या पोटाशी असतो. शहरात चालतं ते. आमच्या खडीच्या रस्त्यावर त्याला भोक पाडायला उडालेला एक दगड पुरतो. डार्सी तो उचलून वर, रेडिएटरच्या शेजारी बसवायचा. पाइप लांब घ्यायचा, धुराच्या नळीपासून दूर वळवायचा, घासेल तिथे रबर गुंडाळायचा. लांबलांबच्या मेंढवाड्यांवरून लोक त्यासाठी यायचे.

रॉस टिंडल हा त्याचा लोकर कातरण्याच्या दिवसांपासूनचा दोस्त. बायको लवकर गेली, पोरगी जीनेट त्याने एकट्याने वाढवली. उन्हाळा सरल्यावर तिचं लग्न होतं, तिकडे समुद्राच्या बाजूला, रॉकहॅम्प्टनला. तिचा हात धरून चर्चमध्ये चालत जायचं, एवढंच रॉसला आयुष्याकडून हवं होतं. म्हणून त्याने वेळेआधीच जुन्या गाडीचा कूलर वर बसवून घेतला.

काम झालं, दोघे पबमध्ये बसले.

"आता दर आठवड्याला धूत जा," डार्सी म्हणाला. "गवताचं बी अडकतं, टोळ अडकतात. धार मागून पुढे धर, नाहीतर घाण आणखी आत जाऊन बसेल."

"पाणी कुठलं घेऊ? टाकीतलं?"

डार्सीने ग्लास खाली ठेवला. "ऐका रे, हा पत्र्याच्या खोक्याला पावसाचं पाणी पाजणार. चहाच करून दे ना लेका त्याला, सोबत दोन बिस्किटं."

सगळा पब हसला. रॉसही हसला. आमच्याकडे टाकीतलं पावसाचं पाणी प्यायला आणि चहाला, बाकी सगळ्याला बोअरचं. टाकीतल्या पाण्याने कोणी गाडी धुतली तर तो कामातून गेला असं लोक समजतात.

रॉसने उन्हाळाभर बोअरच्या पाण्याने कूलर धुतला.

लग्नाला निघालेली त्याची गाडी घाटाच्या चढावर तापली. समोरच्या काट्यांमधला तेलाचा लाल दिवा लागला. त्याने थांबून इंजिन निवू दिलं, पुन्हा काढली, पुन्हा दिवा. उशीर होत होता, म्हणून तिसऱ्यांदा तो थांबला नाही. माथ्याजवळ इंजिन खडखडलं आणि कायमचं बसलं. शेवटी गुरांच्या ट्रकमधून, लग्नाच्या सुटाला शेणाचा वास घेऊन तो पोचला, तेव्हा लोक फोटो काढत होते. जीनेटने होता होईल तेवढी वाट पाहिली होती. दुसऱ्या कोणाचा हात नको म्हणून ती एकटीच चालत गेली होती.

गाडी ओढून गॅरेजला आणली. डार्सीने बॉनेट उघडलं. पाइप जागच्या जागी, तेलाचा थेंब कुठे गळलेला नाही. कूलरच्या पत्र्यांमधल्या फटी मात्र चुन्यासारख्या पांढऱ्या थराने बुजलेल्या. गरम पत्र्यावर पाणी पडलं, वाळलं, क्षार मागे राहिला. वारा आत शिरणार कुठून?

"एक आठवडा चुकवला नाही रे," रॉस मागून म्हणाला. "तू सांगितलंस तस्साच. मागून पुढे."

एरवी तोंड न मिटणारा डार्सी त्या दिवशी बोटाने तो थर खरवडत राहिला. मग म्हणाला, "पाणी मी चुकीचं सांगितलं, रॉस. तू विचारलं होतंस."

"विचारलं होतं खरं," रॉस म्हणाला. "आंघोळीच्या बंबाला हाच थर धरतो. माझ्याही डोक्यात आलं नाही. जाऊ दे, दोस्ता."

रॉसने जाऊ दिलं. डार्सीला ते जमलं नाही. त्याने दुसरं इंजिन बसवलं, कूलर नवा घातला, आणि पुढे दर रविवारी आपल्या टाकीतल्या पावसाच्या पाण्याचा डबा घेऊन तो रॉसच्या दारात हजर व्हायचा. ब्रशने पत्रे झाडायचा, मागून पुढे धुवायचा. त्या वेळी एकही गोष्ट सांगायचा नाही. रॉस पायरीवर बसून म्हणायचा, "बोल की काहीतरी, मेल्या." डार्सी मान हलवायचा.

घरी थेल्माने एकदा नवऱ्याच्या कपातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बोअरच्या पाण्याचा चहा? टाकीत पाणी आहे की."

"ते रॉसच्या गाडीचं आहे," डार्सी म्हणाला.

"खारट लागत नाही तुला?"

"लागतो ना," तो म्हणाला, आणि कप परत मागून घेऊन तळापर्यंत प्यायला.