पोळपाटाखालचा लॅपटॉप

दुपारचं जेवण झालं की मी खिडकीजवळच्या खाटेवर आडवा होतो. झोपत नाही, नुसते डोळे मिटतो, असं मी मुलांना सांगतो. मुलं चारला शिकायला येतात, तोवर घर शांत असतं.

समोरच्या टेबलावर लॅपटॉप चार्जिंगला लावलेला आहे आणि त्याच्यावर मी पोळपाट उपडा घातला आहे. गेल्या महिन्यापासून या लॅपटॉपचं पोट वर आलंय. बोट फिरवायची चौकोनी पट्टी एका बाजूने उचलली गेली आहे, झाकण नीट मिटत नाही. वजन ठेवलं की खाली बसेल, असं मला वाटतं. काल तेजलने विचारलं, "गुरुजी, लॅपटॉप लाटताय काय?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

तेजल तिसरीतली. वर्गात सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या पुढे बसते. लॅपटॉपचा पडदा आता इतका मंद झालाय की चंद्रावरचे खड्डे बघायला ती हनुवटी थेट कळांवर टेकवते.

सकाळीच मी पोतदारांच्या दुकानात जाऊन आलोय. त्यांनी एक नवा लॅपटॉप दाखवला. साधा, स्वस्तातला, पण मुलांच्या कामाला पुरून उरेल असा. जुना दिला तर आणखी स्वस्त पडेल म्हणाले. जुना हातात घेऊन मात्र त्यांचा चेहरा बदलला. "गुरुजी, बॅटरी फुगलीय याची. चार्जिंगला लावू नका. एखाद्या दिवशी पेट घेईल." विकणारा माणूस असं बोलणारच, असं मी मनात म्हटलं, विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी येऊन तो चार्जिंगला लावला.

कारण तो आक्काचा आहे. आक्का माझी थोरली बहीण. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, निवृत्त झाल्यावर हा घेतला आणि माझ्या वर्गातल्या पोरांना टायपिंग शिकवायला बसली. दोन दिवाळ्यांपूर्वी ती गेली. काही कळांवरची अक्षरं तिच्या बोटांनी पुसली गेली आहेत.

पंखा फिरतो आहे. त्याच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळतो, तव्यावर थेंब पडावा तसा. मग दोन्ही लांब जातात.

पायथ्याशी खाट किंचित दबते.

"पोळपाट कुठाय रे, बापू?"

आक्का बसली आहे. अंगावर निळी सुती साडी, आणि कानाला लावायचं ते ऑपरेटरचं यंत्र गळ्यात अडकवलेलं. ती गेलेली आहे हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं. त्यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

"धुऊन वाळत घातलाय," मी म्हणतो.

"कान चोळू नकोस. खोटं बोलताना लहानपणापासून चोळतोस."

मी कानावरचा हात काढतो. हाताखाली काच लागते. पोतदारांच्या दुकानाची काच. पण दुकानात पोतदार नाहीत. काउंटरच्या पलीकडे आक्काच उभी आहे आणि नवा लॅपटॉप उघडून कळा दाबून बघते आहे.

"चांगला आहे की. काय खोट काढलीस?"

"कळा कडक आहेत."

"तुला नव्या चपलाही चावतात. चार दिवस. मग त्याच घालून गावभर हिंडतोस."

"रंगही बरा नाही."

"सोयरीक जुळवायचीय काय त्याच्याशी?"

मला हसू येत नाही. दुकानात गरम होतंय. कुठूनतरी गोडसर वास येतो आहे, नखं रंगवायच्या बाटलीसारखा. वास कुठून येतोय ते मी शोधतो, पण मान वळत नाही.

"आक्का, यात तू नाहीस," मी म्हणतो.

ती कळांवरची बोटं थांबवते. "आणि त्या जुन्यात आहे? मी काय बॅटरी आहे?"

"तुझी बोटं आहेत त्यावर."

"बोटं माझी होती. हनुवटी कुणाची असते त्यावर?"

काच आता आमच्या घरचं टेबल झाली आहे, झेंडूची फुलं मांडलेलं. खंडेनवमी आहे. आक्काने लॅपटॉप पुसून लख्ख केलाय, त्याला हळदकुंकू लावलंय आणि ती ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता त्याच्यावर टाकते आहे.

"यंत्राच्या तोंडात तांदूळ जातील, आक्का." हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

"खाऊ दे. वर्षभर राबतं ते." हे तीही तेव्हा म्हणाली होती.

एक दाणा कळांच्या फटीत घरंगळतो आणि दिसेनासा होतो. त्या दिवसापासून त्या ओळीतली एक कळ पूर्ण खाली जात नाही. मुलांना ठाऊक आहे, ती दोनदा दाबायची. आक्का वाकून फटीत बघते. तिची बोटं कुंकवाने ओली आहेत.

"बापू, हा गरम का लागतोय?"

"चार्जिंगला आहे."

"कुणी लावला?"

मी कानाकडे हात नेतो. हात जड आहे, पोहोचत नाही.

टेबलाच्या मागची भिंत वर वर जाते. तिच्यावर भोकांच्या रांगा आहेत, लोंबणाऱ्या दोऱ्या आहेत, बारीक दिवे आहेत. हे आक्काचं एक्स्चेंज. लहानपणी मी इथे तिचा डबा घेऊन यायचो. आक्का उंच स्टुलावर बसून दोऱ्या एकातून काढून दुसऱ्यात खोचते आहे, मान न वळवता. सगळे दिवे विझलेले आहेत, एक सोडून. तो एक लाल आहे आणि फडफडतो आहे.

"कुणाचा फोन आहे?" मी विचारतो.

"तुझाच. तुझ्या घरून."

"घरी कोणी नाही. मुलं चारला येतात."

"सगळी चारला येतात?"

ती दोरी खोचते. कानात खरखर होते आणि तिच्यातून एक आवाज येतो, बारीक, समजूतदार, मी झोपलोय म्हणून मुद्दाम हळू केलेला.

"गुरुजी, झोपलाय? मी चालू करून ठेवू?"

"नको," मी म्हणतो. ओठ हलतात, आवाज येत नाही.

"ऐकू जात नाही तिला," आक्का म्हणते. "मोठ्याने बोल."

"नको!" पुन्हा तेच. घशात नुसती हवा.

"गुरुजी, पोळपाट काढते हं."

लाल दिवा आता फडफडत नाही, एकसारखा जळतो आहे. गोडसर वास एक्स्चेंजभर पसरलाय. मी उठायला बघतो तर पाय खाटेत रुतलेले.

"ओरड, बापू."

"मी मुलांवर ओरडत नाही. चाळीस वर्षांत कधी ओरडलो नाही."

"ठाऊक आहे मला. गावाला ठाऊक आहे. आज ओरड." ती पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे बघते. तिचा चेहरा घाबरलेला आहे. जिवंत असताना मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "लाइन तुटायच्या आत ओरड रे!"

"हात लावू नकोस!"

माझ्याच आवाजाने मी उठून बसतो.

तेजल टेबलाशी उभी आहे. पोळपाटाची एक कड तिने उचलली आहे. ती तशीच गोठली आहे, डोळे भरलेले. वास खरा आहे. लॅपटॉपमधून बारीक सुसकारा येतो आहे.

"तेजल, मागे हो. अंगणात जा. पळ."

ती पळते. मी भिंतीवरचं बटण बंद करतो, वायर ओढून काढतो. हात लावायला गेलो तर चटका बसतो. मग लॅपटॉप पोळपाटावर सरकवतो, उलथन्यावर भाकरी घ्यावी तसा, आणि दोन्ही हातांनी धरून अंगणात नेतो. कोपऱ्यात गिलाव्याला आणलेली वाळू पडली आहे. पोळपाट तिरका करून मी लॅपटॉप वाळूत सोडतो आणि मागे सरतो.

काही क्षण काहीच होत नाही. मग फट् असा आवाज होतो आणि कळांच्या मधून करडा धूर वर चढतो. तेजलने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आहे. आम्ही फाटकाजवळ उभे राहून धूर संपेपर्यंत बघत राहतो. तिची हनुवटी माझ्या कोपराला लागते आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो.

"तुम्ही ओरडलात," ती म्हणते.

"ओरडलो."

"मग उद्या मी येऊ की नको?"

"उद्या लवकर ये. पोतदारांकडे जायचंय. कळा कडक आहेत का ते तू दाबून बघ. मला त्यातलं नीट कळत नाही."

ती नाक पुसते. मग माझ्या हातातल्या पोळपाटाकडे वाकून बघते, नेहमीसारखी, अगदी जवळून.

"गुरुजी, हा तांदूळ लाल का आहे?"

पोळपाटाच्या मधोमध एकच दाणा आहे. लॅपटॉप तिरका केला तेव्हा फटीतून घरंगळला असणार. किती वर्षं आत होता, शिवाय आत्ताच्या त्या उष्णतेत. वाळून खडा व्हायला हवा होता.

मी तो चिमटीत उचलतो. दाणा ओला आहे. माझ्या बोटाला कुंकू लागतं.