गाईच्या कानात सांगितलेलं सपान

शेजारची सून लेकराची नजर उतरून चुलीत मिरच्या टाकते, त्या ठसक्यानं मला आमचा धावडा गावातला जुना गोठा आठवतो. वाईट सपान माणसाला सांगू न्हाई, गाईला सांगावं, असं माझ्या बायकोला तिच्या आईनं शिकवल्तं. एका सकाळी मी कडबा घेऊन गोठ्यात गेलो, तर ती गाईच्या कानाशी रडत बोलत होती. "सपनात देवरशी माझ्या अंगातलं भूत काढायला मिरच्यांची धुरी देऊन राह्यलाय, अन् आमच्या ह्यांनीच माझे केस धरलेत. म्हणतेत, कोण हायेस तू, नाव सांग. मी माझंच नाव सांगून राह्यले, तर हे म्हणतेत, खोटं, हिचं असलं नाव न्हाईच." मला हसू आलं. म्हणलं, "गाय काय उतारा देणार हाये व्हय? भाकरी टाक जल्दी." तिनं डोळे पुसले अन् चुलीकडं गेली. लग्न झाल्यापासून मी तिला 'ये' नाहीतर 'आगं' म्हणूनच हाक मारायचो, नावानं एकदाबी न्हाई. औंदा तिच्या दहाव्याला भटजीनं गेलेल्या बाईचं नाव विचारलं. ते माझ्या तोंडातून पहिल्यांदाच निघालं, तर भटजी म्हणला, "मोठ्यानं सांगा बाबा, ऐकू न्हाई आलं."