तीन प्रीअँप, आठ दिवस

आमच्या बीडात पाणी साचत नाही, किस्से साचतात! पाऊस नसला की कामं नसतात, कामं नसली की माणसं येऊन बसतात, आणि चार माणसं बसली की काहीतरी घडतंच. दुष्काळाच्या त्या साली तर माझ्या स्टुडिओत गाणी कमी आणि किस्से जास्त रेकॉर्ड झाले.

स्टुडिओ म्हणजे काय, तर बस स्टँडच्या मागं माझं घर, आणि घरातली मागची खोली. भिंतींना जुनी पोती ठोकलेली, एक माईक, एक कॉम्प्युटर. मी वायरमनचा कोर्स केलेला माणूस, गाण्याच्या नादापायी ह्यात पडलो. जोडीला दोघं. मन्मथअप्पा, ह्यांचं रेडिओ-टीव्हीचं दुकान आणि भाड्यानं माईकसेट द्यायचा धंदा. आणि रज्जाक, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा. त्या साली लग्नंच पुढं ढकललेली, त्यामुळं रज्जाक सकाळपासून माझ्याकडंच.

आमचं दुखणं एकच होतं. माईकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा माझा मिक्सर जुना. आवाज वाढवला की मागं सतत 'सुऽऽऽ' असा आवाज यायचा. गेवराईच्या एका भजनी मंडळानं अभंग रेकॉर्ड केले. त्यांचे म्होरके बप्पा हेडफोन लावून ऐकत बसले आणि एकदम डोळे मिटून घेतले.

म्हणाले, "मागं पाऊस लई झकास टाकलाय!"

मी म्हणालो, "बप्पा, तो पाऊस न्हाई. मिक्सर खराब हाय."

बप्पांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. तेवढाच ऐकायला मिळायलाय."

*

बप्पांना आवडला म्हणून काय झालं, बाकीची गिऱ्हाईकं संभाजीनगरला पळायला लागली. तेव्हा अप्पा म्हणाले, "प्रीअँप घे." हा एक छोटा डबा असतो. माईकमधून येणारा आवाज फार बारीक असतो, तो कॉम्प्युटरमध्ये जायच्या आधी हा डबा वाढवतो. डबा चांगला तर आवाज स्वच्छ.

रज्जाकला हे पटेना. "माईक हाय, कॉम्प्युटर हाय, मधी ह्ये कावून?"

अप्पा म्हणाले, "कलेक्टर कचेरीत अर्ज देतो का न्हाई तू? अर्ज बी असतो, सायेब बी असतो. मधी कोणाची तरी चिठ्ठी लागतीच की, बे!"

अप्पांच्या ओळखीच्या एका दुकानदारानं तीन प्रीअँप आठ दिवसांसाठी वापरून बघायला दिले. एक काळा, साधा. एक निळा, महागडा, एकदम स्वच्छ. आणि एक जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवाला, काचेच्या नळ्या पेटल्या की लाल दिसणारा. आठ दिवसांत एक ठेवायचा, दोन परत करायचे.

*

व्हॉल्व्हवाला पहिल्याच दिवशी बाद झाला.

त्याला तापायला अर्धा तास लागायचा. आणि आमच्याकडं लाईट सलग राहायची वीस मिनिटं! आम्ही तो चालू करायचो, तिघं त्याच्याकडं बघत बसायचो, नळ्या लाल व्हायला लागल्या की लाईट जायची. चार वेळा झालं.

अप्पा वैतागून म्हणाले, "ह्ये मशीन परदेशी विजेवर वाढलेलं हाय. आपल्याकडं उपाशी मरायचं बिचारं."

रज्जाक मात्र त्याच्या बाजूनं होता. "ऱ्हाऊ द्या की अप्पा. लई कामाचं हाय."

बघतो तर त्यानं त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला!

*

दुसऱ्या दिवशी एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन आले. नाव घेत नाही. कारखान्याची निवडणूक लागलेली, गाडीवर लावायला भाषण पाहिजे होतं. आम्ही निळा जोडला.

चेअरमन खुर्चीत बसले, घसा खाकरला आणि सुरू झाले. "सभासद बंधू-भगिनींनो, पाणी नाही, ऊस नाही, तरीही मी शब्द देतो. यंदा कारखाना सुरू होणारच!"

ऐकवलं. 'यंदा कारखाना सुरू' आणि 'होणारच' ह्यांच्या मधी स्पष्ट आवाज. गटक्!

"हे काय वाजलं?" चेअरमन म्हणाले.

अप्पांनी सरळ सांगितलं, "आवंढा गिळला सायेब तुमी."

"काढा तो!"

मी कॉम्प्युटरवर तेवढा तुकडा कापला. पुन्हा लावलं. 'यंदा कारखाना सुरू होणारच!' एकदम सफाईदार. चेअरमननी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता लई खोटं वाटायलंय," ते म्हणाले. "आवंढा परत टाका."

*

मग दूध संघाचे एक संचालक आले. संघाचं संकलन निम्म्यावर आलेलं, पण जाहिरात करायची होती. सुरुवातीला गाय हंबरली पाहिजे, अशी अट.

अप्पांच्या टेम्पोत बॅटरी टाकली, निळा घेतला आणि आम्ही चारा छावणीवर गेलो. शेकड्यानं जनावरं बांधलेली. मी एका गायीपुढं माईक धरून उभा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एक जनावर तोंड उघडेना. नुसत्या शेपट्या आणि माशा.

तिथं एक म्हातारी शेण गोळा करत होती. तिला म्हणालो, "मावशी, ही हंबरतात कधी?"

ती म्हणाली, "भूक लागली की हंबरतंय जनावर. लई दिस भूक लागली की गप व्हतंय."

माईक गुंडाळला. 

स्टुडिओत आल्यावर रज्जाक म्हणाला, "मी करू का?" आणि माईकपुढं असा काही हंबरला की शेजारची खिडकी उघडली. संचालकांना ऐकवलं. ते खूश!

"ह्याला म्हणायचं गाय! आवाजावरनंच कळतंय, पोटभर खाल्लेली हाय."

रज्जाकनं सगळा दिवस दोन चहांवर काढलेला होता.

*

सगळ्यात मोठं काम पुण्याच्या जाहिरातवाल्याचं. कुठल्याशा पाणी योजनेची रेडिओवरची जाहिरात. 'आमचं गाव पाणीदार झालं' असं एका बाईनं म्हणायचं, आणि मागं खळखळ पाणी.

मी म्हणालो, "पाण्याचे आवाज नेटवर पडलेत की."

"नको नको, इथलंच पाणी पाहिजे. ओरिजिनल!" तो म्हणाला.

नळाला पाणी येऊन बारा दिवस झालेले. घरात एक रांजण, त्यावर माझ्या बायकोची, सुमनची, नजर. मी तिला जाऊन विचारलं. तिनं एक तांब्या भरून दिला.

"ह्यातलं सांडलं तर घरात येऊ नका," म्हणाली.

मग काय! खाली पातेलं, पातेल्याजवळ माईक. अप्पा तांब्यातून पातेल्यात ओतायचे, रज्जाक पातेल्यातून तांब्यात. पुन्हा अप्पा, पुन्हा रज्जाक. निळ्याचा आवाज मी वाढवत गेलो. हेडफोनमध्ये जे काही ऐकू आलं ते काय सांगू, ओढा म्हणू नका, नदी म्हणू नका! तिघांनी आळीपाळीनं ऐकलं. अप्पांनी तर हेडफोन काढायलाच वेळ लावला.

पुणेकरानं कानाला लावला आणि हात वर केला. "अहो, कमी करा थोडं! पूर आल्यासारखं वाटतंय!"

तेवढ्यात सुमन दारात.

"झाली का तुमची नदी? पातेलं द्या, वरण टाकायचंय."

*

सातव्या दिवसापर्यंत आमचं भांडण मिटलं नव्हतं. अप्पांचं मत निळ्याला. "सगळं ऐकू येतंय ह्याच्यात. लपत न्हाई काही." माझा जीव काळ्यावर, कारण तो मला परवडणारा होता. रज्जाक अजून चहाच्याच बाजूनं.

आठव्या दिवशी सकाळी एक बाई आली. तिशीच्या आतली, वडवणीकडच्या गावातली. नवरा दारातच उभा. दोघं ऊसतोडीला निघालेले. आपल्याकडं ऊसच नव्हता, म्हणून टोळी यंदा लांब, कर्नाटकात. पाच वर्षांची पोरगी मागं सासूजवळ राहणार.

"माझा आवाज भरून द्या," ती म्हणाली. "पोरगी माझ्या हाकेबिगर उठत न्हाई. मोबाईलवर भरलं व्हतं, तर म्हनली, ही आई न्हाई, दुसरीच बाई हाय."

अप्पांनी निळा जोडला. बाई माईकपुढं बसली. "उठ गं माय, उजाडलं. साळंला जायचं न्हवं?"

ऐकवलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "हितं माझा आवाज थरथरलेला कळायलाय."

अप्पा म्हणाले, "तेच तर चांगलं मशीन, ताई. बारीकसारीक सगळं कळतंय."

"म्हनूनच नगं. न कळणारं लावा."

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी वायर काढून काळ्यात घातली.

तिनं पुन्हा म्हटलं. उठायचं, जेवायचं, शाळेतून सरळ घरी यायचं. मग म्हणाली, "एक रागानं बी म्हनते. नुसतं ग्वाड बोललं तर तिला खरं वाटायचं न्हाई." आणि असं खडसावलं की रज्जाक सरळ बसला. "आजीला तरास दिलास तर बघ!"

नवरा दारातून म्हणाला, "चल. ट्रॅक्टर थांबलाय."

"एक ऱ्हायलंय," ती म्हणाली. "झोपताना मी तिला थोपटते. त्ये भरून घ्या."

मी म्हणालो, "थोपटताना काय म्हणता? ओवी, अंगाई?"

"काय न्हाई म्हनत. दमलेली असते."

ती खाली मांडी घालून बसली, माईक मी तिच्या गुडघ्याजवळ आणला. ती स्वतःच्या मांडीवर थोपटायला लागली. काळ्यात काहीच येईना, नुसती सुऽऽऽ. अप्पा उठले. वायर पुन्हा निळ्यात घातली आणि त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मग आलं. थप्. थप्. मधेच काचेची बांगडी.

"बांगड्या काढू का?" तिनं विचारलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

दहा मिनिटं झाली. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ते रेकॉर्डिंगमध्ये गेलं, पण मी थांबवलं नाही. शेवटी हळूच विचारलं, "ताई, तिला झोप लागायला किती वेळ लागतो?"

"झोप लगेच लागती," ती म्हणाली. "मी हात काढला की उठती."

आणि थोपटत राहिली.